नवे तंत्र आणि अमानतीचा जुना प्रश्न

बिटकॉइन आणि अवकाशयान यांचा वरवर पाहता एकमेकांशी काहीच संबंध नाही. एक बाजारातली गोष्ट, दुसरी आकाशातली. पण दोन्हींना सर्वसामान्य माणसाचा पैसा लागतो. एकीला त्याच्या बचतीतून, दुसरीला त्याच्या करातून. आणि पैसा देणाऱ्याला त्यातले तंत्र कळत नसते. तरीही तो विश्वास टाकतो. हा विश्वास कशाच्या आधारावर टाकायचा, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यायला हवे, कारण नव्या तंत्राचे नाव सांगत दुकानाच्या पायरीवर येणारे लोक आता कमी नाहीत.

प्रथम बिटकॉइन पाहू. भिशीत आपण पैसे भरतो, कारण माणसे ओळखीची असतात. बँकेत ठेवतो, कारण रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. शिवाय 2020 पासून 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने ओळख आणि देखरेख या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या. त्यातील प्रत्येक व्यवहार एका खातेवहीत नोंदला जातो आणि त्या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. साधारण दर 10 मिनिटांनी वहीला एक पान जोडले जाते. मागच्या पानावर खाडाखोड करायची तर त्यापुढची सगळी पाने नव्याने लिहावी लागतात, तीही बाकीच्या सर्वांना मागे टाकून. नाण्यांची संख्या 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाणार नाही, असेही ठरलेले आहे. सातोशी नाकामोतो या नावाने ही योजना मांडणारा कोण, हे आजवर उघड झालेले नाही. तरी वही चालू आहे.

वही भक्कम म्हणजे भाव स्थिर, असे मात्र मुळीच नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये जे नाणे सुमारे 69 हजार डॉलरला गेले, ते वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आले. पण भावातली चढउतार व्यापाऱ्याला नवी नाही. लोक खरे बुडाले ते मध्यस्थांकडे. टोकियोच्या माउंट गॉक्स या पेढीने फेब्रुवारी 2014 मध्ये दिवाळे काढले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचे सांगितले गेले. त्यांतले दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स कोसळली. ग्राहकांच्या ठेवी मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे सट्ट्यासाठी वळवल्या गेल्या होत्या. तिचा प्रमुख सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. यात नवे तंत्र कुठे आहे? दुसऱ्याची अमानत आपल्या धंद्यात फिरवणे हा प्रकार पेढ्यांइतकाच जुना आहे.

आपल्या जवळचे उदाहरण गेनबिटकॉइन या योजनेचे. संगणकांच्या साहाय्याने नाणी 'खणून' दरमहा 10 टक्के परतावा देऊ, तोही 18 महिने, असे तिचे आश्वासन होते. एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली, तोवर असंख्य लोकांचे पैसे अडकले होते. बिटकॉइनचा भाव उद्या काय असेल हे कोणीच सांगू शकत नसताना, दरमहा 10 टक्क्यांची हमी हा माणूस कोठून देतो, हा हिशेब कोणताही किराणा दुकानदार करू शकला असता. पण समोर संगणकाचे नाव आले की आपण आपली नेहमीची अक्कल गहाण टाकतो.

आता अवकाशाकडे वळू. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटाहून उडालेला एसएलव्ही-3 हा अग्निबाण सुमारे पाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. चौकशीत दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळती सापडली. 18 जुलै 1980 रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांना सामोरे जाण्यास कलामांना सांगितले.

सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चे अवतरण फसले, त्याची सविस्तर कारणे लोकांना 2023 मध्ये ऐकायला मिळाली. इतका उशीर खटकणाराच. परंतु कारणे सांगितली ती नेमकी. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चूक दुरुस्त करण्याच्या क्षमतेला मर्यादा होती, आणि उतरण्याची जागा जेमतेम 500 मीटर लांबी-रुंदीची होती. पुढच्या वेळी ती 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली गेली. 23 ऑगस्ट 2023 रोजी यान उतरले.

ही शिस्त आपल्या कारागिरांना परकी नाही. अग्निबाणाची विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होतात, इतर भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला. अशा कामात सुट्या भागाची तपासणी होते, ती कागदावर लिहिली जाते, आणि भाग नापास झाला तर कोणाच्या हातचा तेही कळते. लेथवर काम करणाऱ्या मिस्त्रीने नव्या तंत्राच्या कोणत्याही कंपनीला हेच विचारावे : तुमची तपासणी कोण करतो, आणि माल नापास झाला तर तोटा कोणाचा?

क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. सरकार कर घेते म्हणजे सरकारची हमी आहे, असा समज बाजारात आढळतो. तो चुकीचा आहे. येथे ठेव विमा नाही. जुलै 2024 मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या पेढीतून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. पैसे काढणे बंद झाले, आणि परतफेडीचा आराखडा गेला सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण कायद्याने जबाबदार धरलेली कंपनी तेथे नोंदलेली होती. भारतातला ग्राहक वर्षभराहून अधिक काळ तेथील तारखांकडे डोळे लावून बसला.