संगणक तोच, की दुसरा?

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचे गाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते १४३७ आणि १५९० सालच्या दोन लढायांमुळे येते. आपल्याला मात्र आज तिथल्या रणांगणाशी नव्हे, एका शेताशी काम आहे. समजा, रोहिणखेडच्या शिवारातले एक शेत विकले गेले. खरेदीखतात गट नंबर येतो आणि चतुःसीमाही येते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस तमक्याचे शेत. उद्या पूर्वेकडच्या शेजाऱ्याने आपली जमीन दुसऱ्याला दिली, म्हणून मधले शेत बदलले असे कोणी म्हणत नाही. तीन बाजू जुळतात ना, मग शेत तेच! पण चारही बाजू वेगळ्या निघाल्या, तर कागद वाचणारा माणूस नक्कीच थबकेल.

आता त्याच गावातल्या एखाद्या शाळेत चला. तिथल्या संगणकाचा मदरबोर्ड जळला, असे धरून चालू. दुकानदाराने दुसरा बसवून दिला. हार्डडिस्क तीच, विंडोज तेच, मुलांच्या फायलीही जागच्या जागी. तरी संगणक सुरू करताच पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटली: विंडोज ॲक्टिव्हेट करा. शाळेने तर रीतसर पैसे मोजले होते. मग परवाना गेला कुठे?

परवाना कुठे गेलेला नाही. विंडोजने चतुःसीमा तपासली आणि ती जुळली नाही, एवढेच घडले आहे.

पुस्तक विकत घेतले की ते एकाच्याच हाती राहते. संगणकाच्या आज्ञावलीची मात्र हुबेहूब प्रत क्षणात निघते. तेव्हा एका परवान्यावर एकच संगणक चालावा, यासाठी काय करावे? पूर्वीचा उपाय सरळ होता. आज्ञावलीबरोबर एक लहानशी वस्तूच द्यायची. आपल्याकडच्या छापखान्यांना ही वस्तू चांगली परिचयाची आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ घेतली, की तिच्याबरोबर हार्डवेअर लॉक येई. बोटाएवढे ते लॉक संगणकाच्या मागे जोडले, तरच मराठी अक्षरजुळणीचे काम चाले. लॉक हरवले, तर लग्नपत्रिका अडल्याच म्हणून समजा! लॉकची प्रत निघत नाही, यातच त्या युक्तीचे सारे बळ होते.

कोट्यवधी लोकांना अशी लॉके वाटणे शक्य नव्हते. म्हणून २००१ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’ आणले, तेव्हा संगणकालाच लॉक बनवले. एक्सपी बसवताना २५ अक्षरांची किल्ली द्यावी लागे. मग ती प्रणाली संगणकाचे सुमारे दहा भाग पाही: प्रोसेसर, स्मृतीचा आकार, हार्डडिस्क, चित्रकार्ड, नेटवर्क कार्ड इत्यादी. त्यांच्यापासून एक खूण तयार होई, आणि किल्ली व खूण यांची जोडी कंपनीकडे नोंदली जाई. इंटरनेट नसेल, तर ही नोंद दूरध्वनीवरून करता येत असे. आपण ५० अंक वाचून दाखवायचे आणि पलीकडून आलेले ४२ अंक न चुकता टिपून घ्यायचे.

ही खूण कशी तयार होत असेल? भागाकारातली बाकी आठवा. एखाद्या भागाचा क्रमांक ७३९१ आहे. त्याला ६४ ने भागले तर बाकी उरते ३१. कंपनीला फक्त ३१ कळवले, तर त्यावरून मूळ ७३९१ कोणालाही काढता येणार नाही, कारण ७४५५ ला ६४ ने भागले तरी बाकी ३१ च उरते. प्रत्यक्षातली रीत याहून गुंतागुंतीची असते, पण तत्त्व हेच: खुणेवरून ओळख पटते, मूळ तपशील मात्र उघड होत नाही.

एक्सपीचा नियमही चतुःसीमेसारखाच होता. नेटवर्क कार्ड कायम राहिले, तर बाकीच्या भागांतले पाच बदलले तरी चाले, सहावा बदलला की पुन्हा नोंद करावी लागे. नेटवर्क कार्ड नसले किंवा तेच बदललेले असले, तर चार बदलही पुरत. पुढच्या विंडोजमधले नियम वेगळे आहेत आणि मदरबोर्डला त्यांत फार वजन आहे. २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. असा परवाना त्या यंत्राबरोबरच जन्मतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. सुटा विकत घेतलेला परवाना मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. आपल्या शाळेचा परवाना यांपैकी कोणता, हे बिल नीट पाहिल्यावर कळेल. शाळेने ते बिल जपून ठेवलेले असावे, एवढीच आशा!

आता एका संगणकावर दोन प्रणाली बसवू. हार्डडिस्कचे दोन भाग करून एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स ठेवता येते. सुरुवातीला एक यादी दिसते आणि आपण हवी ती प्रणाली निवडतो. याला ड्युअल बूट म्हणतात. शेजारी लिनक्स आल्यामुळे विंडोजचा परवाना बिघडेल का? मुळीच नाही. विंडोज यंत्राचे भाग पाहते, आणि ते सारे जागच्या जागी असतात. (घड्याळ मात्र गोंधळते. संगणकातल्या घड्याळातली वेळ लिनक्स बहुधा ग्रिनिचची मानते, तर विंडोज स्थानिक. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसते. परवान्याशी याचा संबंध नाही.) दोन्ही भागांवर विंडोजच बसवले, तर यंत्र एकच असल्याने दुसरी प्रत कदाचित तक्रार करणार नाही. पण परवान्याच्या अटींनुसार एका परवान्यावर एकच प्रत चालते. यंत्राने अडवले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे नव्हे.

खरी गंमत पुढेच आहे. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवता येतो. ही कल्पना आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांवर साकारली होती. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती टेबलावरच्या संगणकावर आणली, आणि आज व्हर्च्युअलबॉक्स नावाची आज्ञावली तेच काम फुकट करते. हा आतला संगणक आभासी. त्याची हार्डडिस्क म्हणजे एक मोठी फाईल. त्याचा मदरबोर्ड, त्याचा क्रमांक, त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, हे सारे आज्ञावलीने रचलेले. आत बसवलेल्या विंडोजला बाहेरचे खरे यंत्र दिसत नाही. मदरबोर्डच्या चिपमधली किल्लीही त्याला सहसा सापडत नाही. त्याच्या दृष्टीने तो वेगळाच संगणक असतो, आणि अटींनुसारही त्याला वेगळा परवाना लागतो.

बघा, आपण कुठे येऊन पोचलो! लॉकची प्रत निघत नव्हती, म्हणून संगणकालाच लॉक केले. आणि आता संगणकाचीही प्रत निघू लागली. आभासी संगणकाची चतुःसीमा लिहिलेली असते एका साध्या फाईलमध्ये, आणि फाईल कोणालाही बदलता येते. म्हणून व्हीएमवेअर एक मार्मिक प्रश्न विचारते. आभासी संगणकाच्या फायली दुसऱ्या जागी नेऊन सुरू केल्या, की ती म्हणते: हा तुम्ही हलवला आहे, की याची प्रत केली आहे? ‘हलवला’ म्हटले तर जुनी ओळख कायम राहते. ‘प्रत केली’ म्हटले तर त्याला नवा क्रमांक आणि नवा पत्ता मिळतो, आणि मग आतले विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते. यंत्राला स्वतःला उत्तर ठाऊक नसते. ते तुमच्या शब्दावर विसंबते.

याच्या उलट प्रकारही आहे. हार्डडिस्कवरचे एकच विंडोज सकाळी खऱ्या यंत्रावर थेट सुरू करायचे आणि दुपारी तेच, त्याच डिस्कवरून, लिनक्सच्या आत आभासी संगणकात चालवायचे. ॲपलच्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकांवर बूट कॅम्प आणि पॅरलल्स वापरून २००६ पासून लोक हे करीत आले. गोष्टीतल्या परकायाप्रवेशासारखाच हा प्रकार! दुपारी जागे झालेले विंडोज पाहते, तो प्रोसेसरची ओळख थोडीफार पटते, पण मदरबोर्ड, चित्रकार्ड, नेटवर्क कार्ड सारे परके. अशा वेळी दोन्ही देहांत वेगळे ॲक्टिव्हेशन करण्याची पाळी येऊ शकते.

मोठ्या संस्थांसाठी आणखी एक व्यवस्था असते. संस्थेच्याच जाळ्यातला एक संगणक बाकीच्यांना मंजुरी देतो, आणि ती १८० दिवसांत ताजी करावी लागते. त्याच्याकडे किमान २५ वेगवेगळ्या संगणकांची हजेरी लागल्याशिवाय तो साध्या विंडोजला मंजुरी देत नाही. एकाच आभासी संगणकाच्या ३० प्रती काढल्या आणि आतली ओळख पुसली नाही, तर तीसही जण एकाच नावाने ‘हजर’ म्हणतात. हजेरी भरते एकच!

‘फुकट ॲक्टिव्हेशन’ म्हणून पेनड्राइव्हवर जे हातोहात फिरते, त्यातले पुष्कळसे याच व्यवस्थेचे सोंग असते. तुमच्याच संगणकात एक खोटा मंजुरी देणारा बसतो आणि विचारले की ‘हो’ म्हणतो. तो बसवताना अँटिव्हायरस बंद करा, असे बहुधा सांगितले जाते. दार उघडे टाकून कोण आत आले हे न पाहण्याचाच हा प्रकार. अशा आज्ञावल्यांतून घातक आज्ञावल्या शिरल्याची उदाहरणे वारंवार सापडली आहेत. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची माहिती असते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

‘विंडोज १०’ ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बरेच जुने संगणक ‘विंडोज ११’ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसवायला कोणाची मंजुरी लागत नाही. जिथे विंडोज ठेवायचेच आहे, तिथे भाग बदलण्याआधी परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून घ्यावा. मग विंडोजच्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘यंत्राचे भाग नुकतेच बदलले’ असे कळवता येते, आणि परवाना हलवण्याजोगा असेल तर तो पुन्हा लागू होतो.

करून पहा: व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक आभासी संगणक तयार करून त्यावर लिनक्स बसवा. त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता पहा. तो ०८:००:२७ ने सुरू झालेला दिसेल. आता त्या संगणकाची प्रत काढा. पत्ते जुनेच ठेवायचे की नवे घ्यायचे, याची निवड तिथे करावी लागते. एकदा जुने ठेवून आणि एकदा नवे घेऊन प्रत काढा, आणि तिन्ही पत्ते वहीत एकाखाली एक लिहा.