आपत्कालीन फोनचा खर्च कोण करतं?

११२ लावला की आपले पैसे कापले जात नाहीत. पण मंडळी, तो फोन फुकट चालत नाही. फोन घेणारी माणसं तिन्ही पाळ्यांत बसवावी लागतात, फोन कुठून आला हे दाखवणारी यंत्रणा लागते, गाडीत इंधन लागतं. हा रोजचा खर्च आहे.

अमेरिकेत ९११साठी बहुतेक राज्यांत फोनच्या बिलातच दरमहा छोटंसं शुल्क घेतात. ग्राहकाला वाटतं, पैसे तिथंच जातात. पण काही राज्यांनी ते दुसरीकडे वळवले! म्हणून २००८च्या कायद्यानं तिथल्या दूरसंचार आयोगावर जबाबदारी टाकली: हे शुल्क किती जमलं, कुठं खर्च झालं, याचा अहवाल दरवर्षी संसदेला द्यायचा.

आपल्याकडे बिलात असं शुल्क नाही. ११२ची यंत्रणा उभारायला केंद्रानं निर्भया निधीतून पैसे दिले. पण पोलीस हा राज्याचा विषय. म्हणजे फोननंतर धावत येणाऱ्या पोलिसाचा पगार राज्याच्या तिजोरीतून.

म्हणून अंदाजपत्रकात नव्या यंत्रणेचा आकडा दिसला, की ती चालवायला दरवर्षी किती ठेवलेत, हेही विचारा. रात्री दोन वाजता फोन उचलला जातो तो त्या दुसऱ्या आकड्यावर.