सेंट लुईस: ३ लाखांचे की २८ लाखांचे?

२०२०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची लोकसंख्या भरली जेमतेम ३ लाख १ हजार. १९५०मध्ये ती ८ लाख ५७ हजार होती. माणसे शहर सोडून गेली हे खरेच; पण बरीचशी गेली ती फक्त हद्दीपलीकडे. १८७६मध्ये मतदारांनी शहर काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, तोडले, तेव्हा आखलेली वेस आजही तीच आहे. वेशीबाहेरच्या सेंट लुईस काउंटीत सुमारे १० लाख लोक आणि ऐंशीहून अधिक छोट्या नगरपालिका आहेत. आजूबाजूच्या इतर काउंटी आणि मिसिसिपीपलीकडचा इलिनॉयचा भाग धरला, की महानगर सुमारे २८ लाखांचे होते. ओहायोतले कोलंबस हे शहर म्हणून सेंट लुईसच्या तिप्पट, महानगर म्हणून मात्र लहान!

राहायला हे शहर मोठ्या मनाचे आहे. सुमारे १,३०० एकरांचे फॉरेस्ट पार्क न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कहून विस्तीर्ण आहे आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयाला, कलासंग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. मेट्रोलिंक रेल्वे विमानतळापासून नदीपार जाते, तरी उपनगरात मोटारीवाचून भागत नाही. घर पाहताना पत्त्यातल्या ‘सेंट लुईस’वर विसंबू नका; कर, शाळा आणि पोलीस कोणत्या हद्दीतले, ते आधी विचारा.