ताटाकडे उशिरा वळलेली नजर

१९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ तरुण राहायला आले. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेले, धडधाकट, आपखुशीने आलेले. युद्ध संपल्यावर उपासमारीतून उठलेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसं घालावं, हे अॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाला शोधायचं होतं, आणि त्यासाठी आधी कुणाला तरी अर्धपोटी ठेवणं भाग होतं. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळाल्या. वजन सुमारे चौथाईने उतरलं, ते ठरवलेलंच होतं. मनाचं जे झालं ते मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. हसती-खेळती पोरं चिडखोर झाली, एकलकोंडी झाली, उदास झाली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. एकाने तर पुन्हा खाणं सुरू झाल्यानंतरच्या दिवसांत कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडून घेतली. म्हणजे ताट भरलं तरी मन लगेच भरून आलं नव्हतं.

या ३६ जणांत व्यसनी कुणीच नव्हता. तरी हेरॉइन, अफू आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या गोळ्यांच्या व्यसनावर जे उपचार झाले, त्यांचा मागोवा मला इथूनच घ्यावासा वाटतो. नशा सुटल्यावर पहिल्या काही महिन्यांत घरचे ज्या तक्रारी घेऊन येतात (तिरसट झालाय, कशात लक्ष नाही, रात्र रात्र जागतो, कोपऱ्यात बसून राहतो) त्यांतल्या बऱ्याचशा कीजच्या दोन जाडजूड खंडांत १९५० सालीच छापून आल्या होत्या. तिथे कारण भूक होती. व्यसनातून उठलेल्या माणसात कारणं अनेक असतात, मेंदूतली उलथापालथ त्यात मोठी. पण भूक हे त्यांतलं एक कारण असू शकतं, याकडे बघायला व्यसनोपचाराने फार वेळ लावला.

आणि गंमत अशी की आधुनिक उपचाराची सुरुवातच खाण्यावर संशोधन करणाऱ्या माणसाने केली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले व्हिन्सेंट डोल यांचा विषय चरबी आणि लठ्ठपणा. वजन उतरवलेले लोक पुन्हा पुन्हा जुन्या खाण्याकडे का वळतात, हा त्यांचा प्रश्न होता. शहरातल्या हेरॉइनवाल्यांचं तेच चाललेलं त्यांना दिसलं: इस्पितळातून बरे होऊन बाहेर पडायचे, आणि काही दिवसांत पुन्हा तिथेच. दोन्हीकडे स्वभावाचा दोष नसून चयापचय बिघडलेला असावा, असा त्यांचा कयास. १९६४ च्या सुमारास मारी निसवांडर या मनोविकारतज्ज्ञ बाईंना सोबत घेऊन त्यांनी काम सुरू केलं. पहिल्या रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिलं, तर ते टीव्हीसमोर बसून पुढच्या डोसची वाट पाहत. मेथाडोन हे सावकाश उतरणारं औषध दिल्यावर त्यांतला एक चित्रं काढू लागला आणि दुसरा म्हणाला, मला राहिलेली शाळा पुरी करू द्या. १९६५ साली डोल आणि निसवांडर यांनी २२ रुग्णांवरचा लेख छापला आणि मेथाडोन जगभर गेलं.

डोल यांची चयापचयाची कल्पना मात्र औषधाच्या मापात अडकून पडली. खिडकीशी यायचं, संत्र्याच्या रसात मिसळलेलं औषध नर्ससमोर प्यायचं, सही करायची, निघायचं. आहाराच्या बाजूने उपचारात काय होतं, तर तो रस, असं थोडं खोचकपणे म्हणता येईल. पुढच्या काही दशकांत झालेल्या पाहण्यांत या रुग्णांचं वजन वाढलेलं दिसलं, गोडाची ओढ सर्वसाधारण माणसांपेक्षा जास्त दिसली, दात किडलेले, बद्धकोष्ठ कायमचं. हे सगळं ‘औषधाचे दुष्परिणाम’ या सदरात टाकून दिलं गेलं. सदर चुकीचं नव्हतं, पण दुपारी तो माणूस काय खातो, हे विचारायची जबाबदारी त्यामुळे कुणाचीच राहिली नाही.

या तक्रारींमागचं शास्त्र १९७० च्या दशकात उलगडलं. १९७३ मध्ये बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधलं उप्साला इथल्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या खास जागा मेंदूत असतात. १९७५ मध्ये अॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराची स्वतःची अशी द्रव्यं वेगळी काढली. ती अफूसारखीच वागतात का, हे तपासायला कॉस्टरलिट्झ यांनी वापरलं होतं गिनीपिगचं आतडं. अफूचा अंश लागला की त्या तुकड्याचं आकुंचन मंदावतं. शोध मेंदूचा, आणि साक्षीदार आतडं! हे तंत्र व्यसनींच्या पोटाबद्दलही बरंच सांगून जातं. ज्या कुलपांना हेरॉइनची किल्ली लागते ती कुलपं आतड्यातही आहेत, आणि गोड पदार्थ तोंडात गेल्यावर जो आनंद वाटतो त्याच्या वाटेवरही आहेत. म्हणून नशा चालू असताना पोट ठप्प असतं, भूक मेलेली असते. नशा तुटली की जुलाब आणि मुरडा. आणि नंतर आठवडेच्या आठवडे साखरेची हाव.

याच दशकात खाण्याचा विचार उपचारात शिरला, पण चुकीच्या दाराने. १९७७ मध्ये आल्फ्रेड लिबी आणि आयर्विन स्टोन यांनी दावा केला की क जीवनसत्त्व प्रचंड मात्रेत आणि सोबत प्रथिनं दिली की हेरॉइनची सुटका सुसह्य होते. त्याआधी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन हे बी-३ या जीवनसत्त्वाच्या इतके प्रेमात पडले होते की त्यांच्याच संघटनेला संकोच वाटू लागला. या दाव्यांना पुढे भक्कम आधार मिळाला नाही. ‘डिटॉक्स डाएट’च्या नावाखाली तोच माल आजही विकला जातो, आणि त्याच्या भरवशावर कुणी डॉक्टरांची गोळी बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं, कारण काही दिवसांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्याच मापाने घेतलेला डोस श्वास थांबवतो. माझा राग जीवनसत्त्वांवर नाही. या उथळपणामुळे साध्या, कंटाळवाण्या, खऱ्या प्रश्नाची बदनामी झाली, त्यावर आहे: पोटात रोज पुरेसं अन्न जातंय का?

हा प्रश्न मुंबईला तरी नवा वाटायला नको होता. गिरणगावात कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना बाळगोळी देऊन जात. त्या काळच्या बाळगोळीत अफू असे. मूल दिवसभर पडून राही, भुकेनेसुद्धा रडत नसे. अफू भूक भागवत नाही, तिचा आवाज बंद करते, हे त्या चाळींतल्या सुईणींना आणि डॉक्टरांना दिसत होतं. १९८० च्या दशकात गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, कच्चं हेरॉइन) आलं तेव्हा तीच गोष्ट मोठ्या मुलांत दिसू लागली. पन्नीवर पुडी ओढणारी पोरं चहा, ग्लुकोज बिस्किट आणि कधीमधी वडापाव यांवर महिनोन्महिने काढत. पैसे पुडीला जात, आणि भूक तर लागतच नसे.

पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिलं आणि मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याआधी १९८१ मध्ये वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन काढलं होतं, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा योग ते तिथे वापरत. अशा निवासी केंद्रांची चर्चा होते ती समूहोपचार, समुपदेशन, योगासनं यांची. स्वयंपाकघराचं नाव त्यात फारसं येत नाही. मला मात्र वाटतं की निवासी केंद्राचा बराचसा गुण तिथल्या घंटेत आहे: ठरल्या वेळी नाश्ता, ठरल्या वेळी जेवण, पंगतीत बसून. ज्या माणसाच्या दिवसाला वर्षानुवर्षं एकच वेळापत्रक होतं, पुढची पुडी कधी, त्याला भाजी निवडायला बसवणं हा काही वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे.

पहिला आठवडा टर्कीचा, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाचा. अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, उलट्या, जुलाब. तेव्हा पौष्टिक आहाराचं व्याख्यान ऐकायला कुणी जागेवर नसतं. मीठ-साखरेचं पाणी, पेज, पातळ ताक, मऊ भात, जे टिकेल ते. त्यानंतर भूक फुटते, आणि इथे घरच्यांच्या प्रेमाला आवर घालावा लागतो. फार काळ जवळजवळ उपाशी राहिलेल्या देहात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर संकट येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत हे पाहिलं गेलं होतं. फार वाळलेल्या रुग्णाला म्हणून थोडं थोडं, रक्त तपासत वाढवत न्यायचं. मग पुढचे महिने: डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी, फळ. पंडुरोग आहे का, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व किती, यकृताला कावीळ क ने ग्रासलंय का, हे बघायचं. दात दुखत असतील तर भाकरी चावता येत नाही, मग तो चहात पाव बुडवून खातो आणि घरचे म्हणतात, याला चांगलं खायचंच नाही.

दातांचा विषय इथे संपत नाही. भारतात या व्यसनाच्या उपचारात १९९० च्या दशकापासून बुप्रेनॉर्फिन वापरात आहे. ती गोळी जिभेखाली विरघळवायची असते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की तोंडात विरघळणाऱ्या या औषधाने दात किडण्याच्या, पडण्याच्या तक्रारी येतात. औषध थांबवू नका, पण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा आणि दात घासायला तासभर थांबा. किती साधी सूचना, आणि औषध वापरात आल्यावर किती वर्षांनी!

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख. एवढ्यांना निवासी केंद्रं पुरणं शक्य नाही. म्हणून पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रं उघडली, तिथे यायचं, गोळी घ्यायची, कामाला जायचं. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या घरी न्यायलाही मुभा मिळाली. धोरण म्हणून हे योग्यच. गोळीमुळे मरण टळतं, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. पण केंद्राचं स्वयंपाकघर या वाटेत गळून गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत आपण वेगळं वागलो. २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, २०२४ मध्ये ते १,००० झाले. झारखंडमधल्या मोठ्या अभ्यासात, २०२३ साली, दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. व्यसनोपचारात असा हिशेब कुणी मांडलेला मला भेटला नाही. नैराश्यावर आहाराचा परिणाम तपासणारी ऑस्ट्रेलियातली चाचणी २०१७ ची: ६७ माणसं, १२ आठवडे, आहारतज्ज्ञाची मदत मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नैराश्यातून बाहेर आले, नुसत्या सोबतीच्या गटात आठ टक्के. आशादायक, पण छोटी चाचणी, आणि त्यातले लोक व्यसनोपचारातले नव्हते.

मोठा पैसा आता दुसरीकडे वाहतो आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पाच लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चाळून निघालेला निष्कर्ष असा, की सेमाग्लुटाइडच्या जातीची मधुमेह-लठ्ठपणाची औषधं घेणाऱ्यांत अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष. कार्यकारण सिद्ध व्हायचं आहे, चाचण्या चालू आहेत. ही औषधं भूक मारतात. शंभर किलोच्या अमेरिकी रुग्णाला त्यात दुहेरी फायदा असेल. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा असतो तो बहुधा हाडकलेला, रोजंदारीवरचा माणूस, आणि त्याच्या केसपेपरवर गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये नेमका लिहिलेला असला तरी वजनाचा रकाना कोरा असू शकतो. ही इंजेक्शनं त्या रांगेपर्यंत पोचायच्या आत तो रकाना भरायला एक काटा आणि दोन मिनिटं लागतात.