कुंपणच शेत खाते तेव्हा

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात शिकवणारा एक एम. ए. झालेला मास्तर. पण आज चार शब्द बोलायचे आहेत ते मूत्रपिंडाविषयी.

समजा, आपल्या जालना जिल्ह्यात अंबडकडे एक मोसंबीवाले बागाइतदार आहेत. महिनाभर त्यांचे सांधे दुखतात, अंगात कणकण असते. मग एके दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते, पाय सुजतात. घरची मंडळी म्हणतात, "अण्णा, ऊन बाधलं. धन्याचं पाणी घ्या." अण्णा अंगदुखीच्या गोळ्या घेत बसतात. त्या गोळ्याही मूत्रपिंडाला बाधतात, हे कोणाच्या गावी नसते!

आता आत काय चालले आहे ते पाहू. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे असतात. ती शरीराची राखण करतात. पण कधी कधी कुंपणच शेत खाऊ लागते. काही प्रतिपिंडे थेट गाळणीच्या अस्तरावर तुटून पडतात. 1967 साली अमेरिकेत रुग्णांची अशी प्रतिपिंडे माकडांना टोचली, तेव्हा माकडांनाही तोच आजार जडला. दुसरी जात 'अँका' नावाची. ती पांढऱ्या पेशींना चिथावते आणि त्या पेशी बारीक रक्तवाहिन्या पोखरतात.

दोघांची चाल निराळी. अस्तरावरचा हल्ला फार जोराचा. पण एकदा शमला की सहसा परतत नाही. अँकाचा आजार मात्र पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आणि काही रुग्णांत दोन्ही एकदम सापडतात! युरोपातल्या चार केंद्रांनी 2017 साली अशा 37 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचा आजार सुरुवातीला अस्तराच्या आजाराइतकाच तीव्र होता. पण डायलिसिसवर गेलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडे उपचारांनी पुन्हा चालू लागली. जगले-वाचले त्यांतल्या सुमारे निम्म्यांना पुढे आजार उलटला. केवळ अस्तराचा आजार असलेल्यांत तो एकालाही उलटला नाही.

म्हणजे एक तपासणी 'आहे' आली म्हणून दुसरी सोडून चालत नाही. झाडाला डिंक्या आणि मावा दोन्ही असले, तर एकावर औषध मारून बागाइतदार स्वस्थ बसेल काय? सुरुवातीला रक्तातला प्लाझ्मा बदलणे, स्टेरॉइड वगैरे उपचार तातडीने करावे लागतात. दोन्ही प्रतिपिंडे असली, तर पुढेही औषध चालू ठेवून वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये.

मोठ्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला जावे लागले, तरी जालन्याहून ते अंतर 60 किलोमीटरच्या आसपास. लघवीची साधी तपासणी तर जवळच होते. लघवीत रक्त दिसले, पाय सुजले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर आठवडा नव्हे, दिवस मोजावेत. घाबरू नये, पण थांबूही नये. अण्णांना धन्याचे पाणी द्यायचे असेल तर खुशाल द्या. मात्र आधी त्यांना दवाखान्यात न्या!