मुदत उलटलेले स्वार

घाटंजी म्हटले की वाघाडी नदी, कापसाचा बाजार आणि सागाचे जंगल डोळ्यांपुढे येते. तालुक्याला लागूनच पांढरकवडा. या टापूतून वाहन भरधाव निघून जाते आणि आपण काय मागे टाकले याची प्रवाशाला कल्पनाही येत नाही. पांढरकवड्याजवळ, शिवणीच्या रानात, १७ एप्रिल १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाची उरलीसुरली फौज मोडली. त्यानंतर पेशव्याने मैदानात लढाई दिली नाही. खडकी, कोरेगाव, अष्टी ही नावे शाळेत गेलेला कोणीही सांगेल. शिवणीचे नाव मात्र क्वचितच निघते.

हे ठिकाण बघायचे तर एप्रिलमध्येच बघावे. पळस फुलून ओसरलेला असतो, झाडाखाली मोहाची फुले पडलेली असतात आणि साग पुरता उघडा पडलेला असतो. जंगल दिसते दाट, पण सावली मिळत नाही. नाले कोरडे, काठ ढासळलेले, मध्येच काळी भेगाळलेली जमीन. चालताना पायाखालचा पाचोळा लांबवर ऐकू जातो. अशा जागी हजारो घोडी, उंट, बुणगे आणि बायकापोरे घेऊन पाण्याच्या शोधात निघालेल्या लष्कराचे काय झाले असेल, हे इथे उभे राहिल्यावर जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही.

बाजीराव इथवर आला तो नागपूरकरांच्या आशेने. पुणे नोव्हेंबर १८१७ मध्येच हातचे गेले होते. २० फेब्रुवारीला अष्टीला सेनापती बापू गोखले पडले आणि फौजेचा कणा मोडला. आप्पासाहेब भोसल्यांशी हात मिळवून चांदा गाठावा असा बेत होता, पण आप्पासाहेबांना मार्चमध्येच इंग्रजांनी कैद केले. वर्धा नदीच्या बाजूने वाट अडवलेली, मागून इंग्रज सेनानी डोव्हटनची फौज, हिंगणघाटाकडून कर्नल ॲडम्स. पेशवा दोघांच्या मध्ये सापडला. ॲडम्सजवळ घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा होत्या. पेशव्याची फौज कितीतरी मोठी होती, पण ती वाटेवर लांबलचक पसरलेली आणि धावून धावून थकलेली होती. तोफा डागून आणि घोडा घालून ॲडम्सने ती उधळून लावली. पेशव्याच्या पाच तोफा, तीन हत्ती आणि दोनशेच्या आसपास उंट हाती लागल्याची नोंद इंग्रजांनी ठेवली. त्यांची स्वतःची हानी नाममात्र होती. बाजीराव घोड्यावर बसून निसटला आणि उमरखेडच्या बाजूने गेला.

त्याच्या पळण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला राहून राहून आठवतात ते त्या दिवशी रानात मागे राहिलेले स्वार.

हे लोक कोण? काही बारगीर, म्हणजे सरकारचा घोडा आणि सरकारचे हत्यार घेऊन लढणारे. काही शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेले. शिलेदाराचा घोडा पडला की घरची मिळकतच बुडाली. आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यापुढे घोड्याहून मोठी अडचण होती. सातारा घेतल्यावर इंग्रजांच्या एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारीला जाहीरनामा काढला होता: बाजीरावाच्या चाकरीतील सर्वांनी दोन महिन्यांच्या आत चाकरी सोडून घरी जावे, वतने आणि इनामे राखली जातील, जे मागे राहतील त्यांची जमीन जाईल. ती मुदत ११ एप्रिलला संपली. शिवणीची लढाई त्यानंतर सहा दिवसांनी झाली.

म्हणजे त्या रानात जो कोणी पेशव्याच्या बाजूने उभा होता, तो मुदत उलटून गेलेला माणूस होता. कोणी इमानापायी राहिला असेल, कोणी पगाराची बाकी मिळेल म्हणून, आणि पुष्कळांना घर शेकडो कोस दूर असताना परतायचे कसे हेच सुचले नसेल. कारण कोणतेही असो, त्याने गावची जमीन पणाला लावली होती. त्याला नुसता पळपुट्या धन्याचा पळपुटा चाकर म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

मराठेशाहीत शिपायासाठी दोन सोयी होत्या. लढाईत जखमी झालेल्याला जखमपट्टी मिळे. जो कामी आला त्याच्या लहान मुलांसाठी बालपरवेशी म्हणून नेमणूक होई. देणे उशिरा का होईना, मागायला दार होते. शिवणीला ज्याच्या मांडीत गोळी शिरली त्याने जखमपट्टी कोणाकडे मागायची? सरकारच उरले नव्हते. ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला आठ लाख रुपये आणि कानपूरजवळचे बिठूर मिळाले. काही माणसे त्याच्यामागे बिठूरला गेली. अरब शिपायांनी मालेगावचा किल्ला जूनच्या मध्यापर्यंत लढवला. बाकीचे पांगले. कोणी घोडा विकून गावी नांगर धरला असेल, कोणी कंपनीच्या रिसाल्यात नाव घातले असेल. पुढे ज्वराने, पटकीने किंवा म्हातारपणाने हे लोक आपापल्या घरी वारले आणि त्यांच्याबरोबर शिवणीचा डोळ्यांदेखतचा वृत्तांतही गेला.

विरुद्ध बाजूच्या शिपायाला निदान नाव तरी मिळाले. कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. तिथे जखमी झालेले खंडोजी माळवदकर १८२४ मध्ये त्याच स्तंभाचे जमादार नेमले गेले. पुढे १८५१ मध्ये जुन्या लढायांतील हयात शिपायांसाठी चांदीचे पदक निघाले. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, खाली १७९९ ते १८२६ ही साले, आणि कडेवर शिपायाचे नाव. फितीवर लढाईच्या नावाची पट्टी. खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव अशा पट्ट्या आहेत. शिवणी किंवा पांढरकवडा अशी पट्टी नाही. १८१८ साली पंचविशीत असलेला शिपाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता, म्हणून पदक पुष्कळांच्या हाती पडलेच नाही. त्याच १८५१ सालच्या २८ जानेवारीला बाजीराव बिठूरला वारला. कंपनीने आठ लाखांची नेमणूक दत्तक नानासाहेबांना नाकारली, आणि त्या पैशावर जगणारी जुन्या शिपायांची घरेही अडचणीत आली.

घाटंजीला यवतमाळहून एसटीने सहज जाता येते. तिथून पांढरकवड्याच्या बाजूला सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर ठेवावे. शेतांतून जाताना मालकाला विचारून जावे. बघायला बुरूज किंवा समाधी आहे अशा अपेक्षेने जाऊ नये. जमिनीचा चढउतार आणि नाल्यांची वळणे नीट न्याहाळली तर तोफा कुठून डागल्या असतील आणि घोडी कुठे अडकली असतील, याचा अंदाज बांधता येतो.

वऱ्हाडात आणि घाटावरही अनेक घरांत मोडी कागदांची पुडकी पडून आहेत. आजोबांचे म्हणून ती जपली जातात, पण वाचली जात नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत आणि मोडी वाचणारी मंडळीही तिथे भेटतात. ज्यांच्या घरी असा कागद आहे त्यांनी तो एकदा वाचून घ्यावा. त्यात पथकाच्या हजेरीचे नाव, पगाराची बाकी, जखमपट्टीची मागणी असे काही निघाले, तर शिवणीच्या रानात उभ्या असलेल्या एका तरी स्वाराचे नाव, गाव आणि मृत्यूचे साल जिल्ह्याच्या इतिहासात लिहिता येईल.