एकाच घरात पुन्हा पुन्हा येणारी गाठ

मेंदूतली गाठ सहसा आनुवंशिक नसते. पण लोहाऱ्यातल्या एखाद्या घरात वडिलांना लहान मेंदूत गाठ, आत्याची नजर तरुणपणीच गेलेली आणि काकांना किडनीचा कॅन्सर असं आढळलं, तर ‘फॉन हिप्पेल-लिंडाऊ’ या आजाराची शंका घ्यावी. सुमारे ३६ हजारांत एकाला तो असतो.

तिसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलं की मेंदू, मज्जारज्जू, डोळा अशा ठिकाणी रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात. हे जनुक सापडलं १९९३ साली.

मेंदूतली ही गाठ कॅन्सरची नसते. पण तिच्या ऑपरेशनमध्ये मोठा धोका भलतीकडेच असू शकतो. याच रुग्णाच्या किडनीवरच्या छोट्या ग्रंथीतही गाठ असू शकते. ती न ओळखता भूल दिली, तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. त्यामुळे ऑपरेशनआधी रक्ताची किंवा लघवीची मेटानेफ्रिन तपासणी झाली का, हे विचाराच. तज्ज्ञ पारखायला माझ्या मते हाच प्रश्न पुरे.

एमआरआय सोलापुरातही होतो. मात्र पुढे न्यूरोसर्जन, डोळ्यांचे आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं मोठं रुग्णालय हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. जाताना जुने सगळे रिपोर्ट घ्या, आणि तीन पिढ्यांत कोणाला, कोणत्या वयात, काय झालं ते कागदावर लिहून न्या. रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात जनुकातला हा दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलांचे डोळे लहानपणापासूनच तपासून घ्या.